किसुमूचा शेजार
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



 मी काही वक्ती नव्हे. परंतु चिटणीसबाईंनी मला कळविले ते असे की, "तुम्ही आफ्रिकेत संसार करता, तर त्या संसाराविषयी सांगा. सिंह-हत्ती नकोत, ते आम्ही पडद्यावर पाहतो. भाजी, भाडे आणि शेजारपाजार सांगा." हे वाचून मला हायसे वाटले. कारण सहा वर्षांत सिंह मी एकदाच पाहिला आणि तोही जाळीआडचा. भाजी मात्र रोज पाहते.

आमचे गाव किसुमू. ते केनिया देशाच्या पश्चिमेला व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी वसले आहे. राजधानी नैरोबी, मोठे बंदर मोंबासा. किसुमू त्या मानाने आडबाजूचे. २०१९ च्या जनगणनेत वस्ती सुमारे चार लाख, म्हणजे आपल्या कोल्हापूरहून थोडी कमीच. विषुववृत्त अगदी लगत. पण गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ११३० मीटर उंचीवर असल्याने रात्री सुखाच्या असतात. सरोवर मात्र केवढे म्हणाल, तर महाराष्ट्राच्या जवळजवळ पाचव्या हिश्शाएवढे. त्यात आपल्या ओळखीची जलपर्णी माजली आहे. पंचगंगेत ती पाहून आपण नाक मुरडतो. तेथील लोक ती वाळवून तिच्या टोपल्या आणि खुर्च्या विणतात.

तेथे आम्ही गेलो ते उसामुळे. किसुमूच्या पूर्वेला मिवानी, चेमेलील, मुहोरोनी असा उसाचा पट्टा आहे. आमच्या 'ह्यां'चा जन्म साखर कारखान्यात गेला. कोल्हापूर-सांगलीकडची अशी पुष्कळ जाणती माणसे पूर्व आफ्रिकेतील कारखान्यांत कामाला जातात, तसे आम्हीही गेलो.

या गावाचे पूर्वीचे एक नाव पोर्ट फ्लॉरेन्स असे होते, आणि ते एका इंजिनियरच्या बायकोच्या नावावरून पडले. मोंबासाहून सरोवरापर्यंत रेल्वे बांधण्याचे काम इंग्रजांनी १८९६ साली सुरू केले. रूळ टाकणाऱ्या प्रेस्टन नावाच्या इंजिनियरबरोबर त्याची पत्नी फ्लॉरेन्स तंबूतंबूने सगळी वाट चालून आली. डिसेंबर १९०१ मध्ये रूळ पाण्याला टेकले. ते रूळ टाकायला हिंदुस्थानातून सुमारे बत्तीस हजार मजूर नेले होते. त्यांतले अडीच हजारांच्या आसपास तेथेच मेले. त्यांची नावे कोणत्याही स्टेशनाला मिळाली नाहीत. नवऱ्यामागून परमुलखात गेलेल्या बाईचे नाव गावाला लागते आणि राबणाऱ्यांचे लागत नाही, हे त्या गावात राहताना मला वारंवार आठवते. आज मला सांगायचे आहे ते पुष्कळसे त्याच्याच पोटातले आहे.

आता भाजी आणि भाडे. १०० केनियन शिलिंग म्हणजे आपले साधारण ७० रुपये. 'सुकुमा विकी' नावाची हिरवी पालेभाजी तेथे बारमहा मिळते. नावाचा अर्थच 'आठवडा ढकला'. पगार संपला की शनिवारपर्यंत गाडा ओढायचा तो तिच्यावर. तिच्याबरोबर उगाली, म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. आपल्या उकडीचा थोरला भाऊच म्हणा. काठावर ओमेना नावाची बोटभर मासळी उन्हात वाळत घातलेली असते. तो वास आला की मला आपल्या बाजारातील सुकटीची आठवण होते. आंबे, पपया, केळी मुबलक. ॲव्होकाडो नावाचे लोण्यासारखे फळ, ज्याचे मुंबईत बरेच पैसे पडतात, ते तेथे झाडाखाली पडलेले असते. प्लास्टिकच्या पिशव्यांना २०१७ पासून देशभर बंदी असल्यामुळे बाजाराला निघताना कापडी पिशवी न्यावीच लागते.

गावात फिरायला तीनचाकी 'टुकटुक' आहे. त्यांतल्या कितीतरी आपल्या बारामतीत तयार झालेल्या. मोटारसायकलवरून माणसे नेणाऱ्यांना 'बोडाबोडा' म्हणतात, आणि त्यांच्या गाड्या बहुधा पुण्याच्या बजाजच्या. भाजीवालीलाही पैसे फोनवरून देता येतात. 'एमपेसा' नावाची ही सोय तेथे २००७ सालापासून, म्हणजे आपल्याकडे अशी पद्धत घरोघर येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. म्हणून 'मागासलेले गाव' हा शब्द मी जरा जपून वापरते.

भाषेची तर मौजच आहे. स्वाहिलीत 'मामा' म्हणजे आई, 'दादा' म्हणजे बहीण आणि 'काका' म्हणजे भाऊ! भाजी विकणाऱ्या पोक्त बाईला 'मामा' अशी हाक मारताना प्रथम मला हसू आवरेना. पण गाडीला 'गारी', आंब्याला 'एंबे', पैशाला 'पेसा', दुकानाला 'दुका', विम्याला 'बिमा', लाखाला 'लाकी' हे शब्द ऐकले आणि परकेपणा अर्धा गेला. त्यांचे घड्याळ सूर्योदयापासून चालते. आपले सकाळचे सात वाजले की त्यांचा पहिला तास झाला. एखादी म्हणाली, "दोन वाजता येते," तर सकाळी आठाला चहा टाकून ठेवावा.

सोय आहे, तशा अडचणीही आहेत. दिवसाकाठी केव्हा वीज जाईल त्याचा नेम नाही. सरोवराकाठच्या प्रदेशात मलेरिया कायमचा. मच्छरदाणी न लावता कोणी निजत नाही. पश्चिम केनियातील लहान मुलांना २०१९ पासून मलेरियाची लस मिळू लागली, ही मात्र मोठीच गोष्ट झाली. परदेशी माणसाला नोकरीचा परवाना लागतो. त्याच्या पत्नीला मिळतो तो आश्रिताचा पास, आणि त्या पासावर तिला नोकरी करता येत नाही. 'आश्रित' हा शब्द कागदावर प्रथम वाचला तेव्हा तो मला बोचला होता. २०१० च्या राज्यघटनेप्रमाणे परक्याला जमीन कायमची घेता येत नाही, फार तर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. म्हणजे कितीही वर्षे राहिलो तरी आपण भाडेकरूच.

भगिनींनो, मी सुट्टीवर आले की सर्वांचा एकच प्रश्न असतो, "तिकडे स्वस्त आहे ना?" होय, स्वस्त आहे. मिलिमानी भागात मोठमोठ्या झाडांच्या सावलीत आमचे घर आहे. फाटकावर पहारेकरी, बागेला माळी, घरात कामाला बाई. येथे ज्या पगारात दोन खोल्यांत काटकसर केली असती, त्यात तेथे बंगलीत राहता येते. परंतु हे स्वस्त कशामुळे, हा प्रश्न एकदा मनात आला की मग सुखाने झोप लागत नाही.

भाजी स्वस्त आहे ती पिकविणाऱ्या बाईला थोडे मिळते म्हणून. बंगली झाडूनपुसून लख्ख राहते ती झाडणारीला थोडे मिळते म्हणून. सरकारने नैरोबी, मोंबासा व किसुमू या शहरांत घरकामगाराचे किमान मासिक वेतन २०२२ साली १५ हजार २०१ शिलिंग ठरविले. म्हणजे आपले सुमारे दहा हजार रुपये. २०२४ अखेर त्यात सहा टक्के वाढ झाली. कायदा असा आहे. पण पाळतात थोडे. नवीन आलेल्या बाईला जुन्या बायका पहिल्याच चहाला बजावतात, "जास्त देऊ नका हो, भाव बिघडतो." हे वाक्य मी येथेही ऐकले आहे. आपणही ऐकले असेल.

आणि जे गाव आम्हाला स्वस्त, ते तेथल्या गरिबाला फार महाग आहे. न्यालेंडा, मन्याट्टा, ओबुंगा या वस्त्यांत कित्येक घरी नळ नाही. सरोवर दिसते एवढे, पण पाणी घ्यायचे ते वीस लिटरच्या पिवळ्या कॅनने, विकत. माझ्या घरी नळाचे जे पाणी येते, त्याच्या कितीतरी पट दर लिटरमागे माझी कामवाली मोजते. तेलाचा डबा घेण्याइतके पैसे एकदम हातात येत नाहीत, म्हणून ती तेल पळीने घेते, साखर मुठीने घेते. आणि किरकोळीचा भाव नेहमी चढा. त्या लहान लहान खरेदीला तिकडे 'कडोगो' म्हणतात. मी महिन्याचे सामान भरते म्हणून मला स्वस्त पडते. ती रोजचे रोज भरते म्हणून तिला महाग पडते. बाजार एकच आहे, दुकानही एकच आहे.

परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांनी याचा विचार केला नाही, तर पुढे काय होते ते त्या भूमीने पाहिले आहे. शेजारच्या युगांडातून १९७२ साली इदी अमीनने हिंदी लोकांना नव्वद दिवसांत बाहेर काढले. डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर केनियात दंगली झाल्या, तेव्हा किसुमूत हिंदी दुकानेही लुटली गेली, जाळली गेली. अमीन जुलमी होता, दंगलखोर दंगलखोरच होते. त्यांचे समर्थन कोणी करणार नाही. पण पिढ्यान् पिढ्या गल्ल्यापलीकडे उभे राहून नुसते भाव सांगितले, आणि एकमेकांच्या घरी कधी जेवायला गेलो नाही, तर अडचणीच्या रात्री दार ठोठवावे असे घर कोणते उरणार?

याच्या उलटही उदाहरण आहे, आणि ते आपल्या गोव्याच्या रक्ताचे आहे. पियो गामा पिंटो १९२७ साली नैरोबीत गोमंतकीय आईबापांच्या पोटी जन्मले. शिक्षणासाठी इकडे आले, गोवामुक्तीच्या चळवळीत पडले, आणि परत जाऊन केनियाच्या स्वातंत्र्यासाठी झगडले. इंग्रजांनी त्यांना १९५४ पासून कित्येक वर्षे स्थानबद्ध ठेवले. स्वतंत्र केनियात ते खासदार झाले आणि १९६५ साली नैरोबीत त्यांचा गोळ्या घालून खून झाला. केनियात त्यांना 'आपला' म्हणतात, पाहुणा म्हणत नाहीत. २०१७ साली केनिया सरकारने तेथील आशियाई लोकांना देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. त्या मान्यतेमागे अशा माणसांची पुण्याई आहे, असे मला वाटते.

आपल्याकडे म्हण आहे: पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. स्वाहिलीतही तीच म्हण आहे, पण शेवट निराळा. ते म्हणतात, पाहुणा दोन दिवस. तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात कुदळ द्या. आपण पाहुण्याला वाटेला लावतो, ते त्याला कामाला लावतात. परक्या गावात वर्षानुवर्षे राहणाऱ्याने ही म्हण देवघराशी लिहून ठेवावी अशी आहे. कुदळ हाती घेतली की आपण पाहुणे राहत नाही.

माझ्या हाती ती कुदळ एका भिशीने दिली. होय, तेथेही भिशी आहे! तिला 'चामा' म्हणतात. दर महिन्याला ठराविक रक्कम जमवायची आणि पाळीपाळीने एकीने उचलायची, आपल्यासारखेच. देशाच्या मध्यभागात बायकांनी असे गट करून गवती छपरांच्या जागी पत्रे बसविले होते. पत्र्याला 'माबाती' म्हणतात, म्हणून त्या गटांनाही तेच नाव पडले. आमच्याकडे काम करणारी बाई एका चामात होती. एक जागा रिकामी झाली तेव्हा तिनेच मला विचारले. आम्ही अठराजणी, महिन्याला प्रत्येकी हजार शिलिंग. त्यांत भाजीवाली आहे, शिंपीण आहे, ओमेना वाळविणारी आहे, एक प्राथमिक शिक्षिका आहे. उशिरा येणारीला ५० शिलिंग दंड. पहिल्याच महिन्यात तो मला बसला, आणि खजिनदारबाईंनी हसत हसत पण पावती फाडून वसूल केला. मालकीण कोण आणि मोलकरीण कोण, हे त्या वहीत लिहिलेले नसते. नाव आणि आकडा एवढेच असते.

२०२४ च्या एप्रिल-मे महिन्यांत अतोनात पाऊस झाला. सरोवराचे पाणी चढले आणि काठच्या घरांत शिरले. आमच्या बाईच्या घरातही कमरेइतके पाणी. मुलांची पुस्तके, पिठाचा डबा, गादी सगळे गेले. ती मुलांना घेऊन बहिणीकडे राहिली. त्या महिन्यात भिशीची पाळी माझी होती. बैठकीत मी काही रक्कम मदत म्हणून पुढे केली. खजिनदारबाईंनी ती हळूच माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, "देणगी द्यायला पांढऱ्या गाड्यांतून पुष्कळ लोक येतात. तू गटातली आहेस. तू तुझी पाळी तिला दे, आणि तिची पाळी येईल तेव्हा तू घे." तसे झाले. अठरा हजार शिलिंग माझ्या बाईने उचलले, नवी खोली उंचावर घेतली. आणि सात महिन्यांनी तिची पाळी आली तेव्हा मला पूर्ण रक्कम मिळाली. ती माझी ऋणी राहिली नाही, मी तिची दाती झाले नाही. दुसऱ्या दिवशी ती कामाला आली तेव्हा तिच्या नजरेत मिंधेपणा नव्हता. मदत अशीही करता येते, हे मला त्या बैठकीत दिसले.

पुढच्या संक्रांतीला मी हळदीकुंकू केले. आमच्याकडील तीन मराठी घरे आणि चामातल्या साऱ्याजणी. तिळगूळ कसा समजावून सांगावा या विवंचनेत मी होते, पण लाडू हातात घेताच त्या म्हणाल्या, "अगं, हे तर सिमसिम!" तिळाला तिकडे सिमसिम म्हणतात, आणि तिळाचे गोड लाडू त्यांच्याही बाजारात विकायला असतात. गोड बोलायचे ते सांगायची गरज उरली नाही. त्या लुओ समाजाच्या. त्यांच्यात लग्न होऊन कितीही वर्षे झाली तरी बाईला माहेरच्या नावाने ओळखतात. 'न्यार' म्हणजे लेक, आणि पुढे तिच्या गावाचे नाव. त्या दिवसापासून मी 'न्यार कोल्हापूर' झाले. परवान्यावर मी आश्रित आहे. चामाच्या वहीत मी कोल्हापूरची लेक आहे.

आम्ही तेथे कायमचे नाही. 'ह्यां'चा करार संपेल तेव्हा परत येऊ. म्हणून आमच्या बाईचा पगार कायद्याप्रमाणे आणि विम्याची वर्गणी भरून देतो. हे औदार्य नव्हे. आम्ही उठून आल्यावर तिच्या हाती काय राहील, याचा तो हिशेब आहे. स्वस्त गावात राहणाऱ्याने एवढे तरी पाहावे, की आपण निघून गेल्यावर गावाला आपला भुर्दंड पडला नाही.

आणि आता घरचेच बोलते, राग मानू नये. आपल्या गावातही असे पाहुणे आहेत. दर हंगामाला बीडकडून ऊसतोडीची कुटुंबे येतात आणि फडाजवळ कोप्या घालून राहतात. बिहारचे रंगारी आहेत, नेपाळचे पहारेकरी आहेत. त्यांच्यामुळे आपले गाव आपल्याला स्वस्त पडते. त्यांना ते कितीला पडते, ते आपण विचारीत नाही. पाणी कोठून भरतात, तेल किती घेतात, पोरे शाळेत जातात की फडात, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे?

येत्या संक्रांतीला मंडळाने त्या कोप्यांतल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलवावे, अशी माझी सूचना आहे. मात्र वाण हातात देऊन तेवढ्यावर त्यांना परत पाठवू नये. तिळगूळ करायला त्यांना आदल्या दिवशी आपल्याबरोबर बसवावे, आणि भिशीची वही काढाल तेव्हा त्यांतल्या एखादीला नाव घालायचे का, ते विचारावे. हंगामापुरती चार महिन्यांची भिशी करता येते. हिशेब मी मांडून देईन.